घड्याळ हरवायचा सराव

वस्तू विकत घेण्याआधी ती हरवून बघणारा माणूस या पृथ्वीच्या पाठीवर एकच झाला असेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला चुलत सासरा म्हणून आला. बाकीची माणसं आधी घेतात, मग वापरतात, मग हरवतात आणि मग रडतात. आमचे तात्या दुसऱ्या टोकाकडून निघाले होते. त्यांना परदेशी घड्याळ घ्यायचं होतं. साधंसुधं नव्हे, तेवढ्या पैशात तेव्हा आमच्या गोठ्यात एक दुभती म्हैस रेडकासकट येऊन उभी राहिली असती असं घड्याळ. ते आपल्याला परवडतं की नाही एवढं ठरवायला त्यांनी पंचवीस-तीस वर्षं घेतली.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते साखर कारखान्याच्या सभेत. सभासदांना जेवण होतं. पंगतीत फिरता फिरता चेअरमननी तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "काय म्हणतंय पाऊसपाणी?" तात्यांना पाऊसपाण्याचं काही सुचलंच नाही, कारण हाताबरोबर घड्याळही खांद्यावर आलं होतं, अगदी कानाशी. तात्या पानावरची बुंदी तशीच ठेवून ऐकत बसले. घरी आल्यावर काकूंना म्हणाले, "अगं, त्याला चावी न्हाई का शेल न्हाई. मानूस हात हालवतो, तेच्यावर चालतंय. मानूस बसून ऱ्हायला की त्ये बी बसतंय." काकू भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग तुमच्या हातात बंदच ऱ्हाईल."

मी या घरात आले तेव्हा हे खूळ चांगलं जुनं झालं होतं. माझे मालक लहानपणीच पोरके झाले, तात्या-काकूंनीच त्यांना वाढवलं, म्हणून घर एकच. आमच्या लग्नात माझ्या वडलांनी मानपानात तात्यांसाठी एक घड्याळ आणलं होतं. तात्यांनी ते हातात घेतलं, कानाला लावलं आणि उलट माझ्या वडलांच्याच मनगटावर बांधलं. "पाव्हनं, राग मानू नगा. आमचं मनगट राखून ठिवलंय." वडील घरी जाऊन आईला म्हणाले, "पोरीला घर चांगलं मिळालंय, पण सासरा जरा देवऋषी दिसतोय." तात्यांचं डावं मनगट खरोखरच राखीव होतं. त्यावर कधी गंडा नाही, दोरा नाही. ते म्हणायचे, स्वस्तातलं घड्याळ बांधलं की मनगटाला त्याचीच सवय लागते, मग ते दुसरं मागत नाही. गंमत अशी की सगळ्या गावाची वेळ याच बिनघड्याळाच्या माणसाकडे होती. तात्या दूध डेअरीचे सचिव. डेअरीच्या भिंतीवर त्यांनी कोळशानं दोन रेघा ओढल्या होत्या. दारातल्या लिंबाची सावली पहिल्या रेघेवर आली की दूध घालायला सुरुवात, दुसरीवर गेली की डेअरी बंद. एकदा एक सभासद हातातलं घड्याळ दाखवत भांडायला लागला की अजून पाच मिनिटं आहेत. तात्या शांतपणे म्हणाले, "तुमच्या घड्याळाला सांगा, लिंबाला सांगू नगा."

आमच्या दोघांच्या बोलण्याची तर वेगळीच तऱ्हा होती. मी पहिल्यापासून भिडस्त, त्यात चुलत सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर खाली यायचा नाही आणि तोंडातून शब्द निघायचा नाही अशी आमच्याकडची रीत. तात्याही रीतीचे पक्के. सुनेशी थेट बोलायचं नाही. म्हणून ते म्हशीशी बोलायचे. गोठा ओसरीला लागूनच होता. ओसरीवर बसून ते खुंट्याकडे बघून म्हणायचे, "म्हशे, चहा झाला आसंल तर बघ बरं." मी आतून चहा आणून उंबऱ्याशी ठेवायची. "म्हशे, आज कालवनात मीठ इसरलं वाटतं." मी मीठ आणून द्यायची. कधी कौतुकही म्हशीचंच व्हायचं. "म्हशे, शेंगदान्याची चटनी लई झ्याक झाली." माझं उत्तर बांगड्यांचं. एकदा वाजल्या तर हो, दोनदा वाजल्या तर नाही. अशी वीस वर्षं गेली आणि आमचं कधी काही अडलं नाही. म्हैस मात्र दोन्हीकडून ऐकून ऐकून इतकी शहाणी झाली होती की तात्यांनी "म्हशे" म्हटलं की ती स्वयंपाकघराकडे बघायची.

घड्याळाचे पैसे तर केव्हाच जमले होते. ते काकूंच्या ट्रंकेत महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांखाली असायचे. ट्रंक वर्षातून एकदाच उघडायची, गौरी-गणपतीत. मुखवटे बाहेर निघाले की तात्या कडेला येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, "काय, यंदा?" काकू म्हणायच्या, "मला काय इचारता? तुमच्या जिवाला इचारा." तात्या थोडा वेळ उभे राहून जिवाला विचारायचे आणि म्हणायचे, "न्हाई. आजून न्हाई." मग पैसे परत खाली आणि मुखवटे वर.

एकदा डेअरीत त्यांच्या बरोबरीचा एक गडी वैतागला. हा कॅन उचलायच्या कामावर होता, तात्यांचा लहानपणापासूनचा सोबती. "आरं घे की बे एकदाचं! पैसं हायती, मनगट हाय, आजून काय पायजे तुला?" तेव्हा तात्यांनी आपला नियम सांगितला. तो पुढं गावात म्हणीसारखा झाला. "पैसं आसनं म्हंजे परवडनं न्हाई. वस्तू हारवली आन तरीबी भाकर घशाखाली उतरली, तरच ती परवडली. न्हाईतर ती नुसतीच घेतलेली." गडी म्हणाला, "मग आदी घे तर खरं, हारवायचं फुडं बघू." तात्या म्हणाले, "पवायला आल्याबिगर हिरीत उडी मारतो का?"

आणि त्यांनी हरवायचा सराव सुरू केला.

पहिल्यांदा रुमाल. तो पारावर मुद्दाम विसरून आले, दोन भाकरी खाल्ल्या आणि पास झालो म्हणून म्हशीला सांगितलं. मग चपला. शनिवारी मारुतीच्या देवळासमोर चपला काढल्या आणि अनवाणी घरी आले. दिवेलागणीपर्यंत घरी चपलांचे तीन जोड पोचले. एक तात्यांचा होता. उरलेले दोन "तात्याचेच आसतील" म्हणून लोकांनी उचलून आणलेले, आणि त्यांचे मालक देवळासमोर एकमेकांवर संशय घेत उभे. काकूंनी तात्यांनाच ते जोड घेऊन परत पाठवलं. गावाला एकदा कळलं की तात्या वस्तू हरवतात, आणि गाव कंबर कसून कामाला लागलं. तात्यांची तपकिरीची डबी, तात्यांचा चष्मा, तात्यांची पिशवी, पाच पावलं मागं राहिली की कोणीतरी हाक मारत पळत यायचं. तात्या कपाळाला हात लावून म्हणायचे, "या गावात मानसाला नीट कायी हारवता बी येत न्हाई."

चपलांनंतर छत्रीचा नंबर होता. पण तेव्हा ओळीनं कोरडी सालं चालू होती. खुंटीला टांगलेल्या छत्रीत पालीनं अंडी घातली. मालकांनी एकदा भीत भीत सुचवलं, "तात्या, छत्री हारवून टाका की, तशीबी कामाची न्हाई." तात्या रागावले. "कोरड्या सालात छत्री हारवली तर तेला हारवनं म्हंत्यात का? ती तर फेकनं झाली. भिजल्याबिगर कळनार कसं?" म्हणजे घड्याळाची परीक्षा पावसासाठी थांबली. आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या माणसांत पेरणीची वाट बघणारे पुष्कळ होते. छत्री हरवायची वाट बघणारे तात्या एकटे. चौथ्या वर्षी पाऊस पडला तसे ते वडवणीच्या बाजाराला गेले आणि येताना छत्री एसटीत ठेवून उतरले. फाट्यापासून घरापर्यंत भिजत आले, शिंकत जेवायला बसले, भाकरीचा पहिला तुकडा मोडला, आणि दारात संध्याकाळच्या गाडीचा निरोप आला की कंडक्टरनं छत्री फाट्यावरच्या हॉटेलात ठेवली आहे आणि मोडलेली काडी तारेनं बांधून दिली आहे. काकू म्हणाल्या, "घ्या. पह्यलीपरास चांगली होऊन आली."

असं हसत-खेळत चाललं असतं. पण मग तात्यांचा डावा हात थरथरायला लागला. आधी जरासा, कपाची बशी वाजण्याइतका. मालक त्यांना अंबाजोगाईच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी सांगितलं की हे वाढत जाणारं दुखणं आहे, हात थरथरत राहील, पुढं चालणंही जड होईल, होईल तेवढं करून घ्या. मालक रडवेले होऊन घरी आले. तात्या मात्र ओसरीवर बसले, थरथरणारा हात डोळ्यांसमोर धरला आणि म्हशीला म्हणाले, "म्हशे, आता घड्याळ कंदीच बंद पडायचं न्हाई. देवानं चावी मनगटातच दिली." काकू हसल्या. आत जाऊन डोळे पुसून आल्या आणि म्हणाल्या, "मग आता तरी घेऊन टाका." तात्या म्हणाले, "नियम म्हंजे नियम." डेअरीत मापातलं दूध हिंदकळायला लागलं तसं कोणी काही म्हणायच्या आधीच त्यांनी सचिवपद सोडलं. रेघा मात्र भिंतीवर तशाच राहू दिल्या.

तेव्हापासून मला त्या घड्याळाची घाई झाली. इतकी वर्षं मी हसून सोडून देत होते, पण आता मला दिसत होतं की हा माणूस परीक्षा देता देता मनगट घालवून बसेल. सांगणार कसं? बांगड्यांना हो आणि नाही एवढंच येत होतं.

त्यात पुढचा दुष्काळ पडला, मागच्या सगळ्या दुष्काळांना विसरायला लावणारा. डेअरीत दोन कॅनही भरेनात. गावाबाहेर जनावरांची छावणी लागली. आमची म्हैस छावणीत गेली आणि ती दुसऱ्याच्या हातचं खात नाही म्हणून काकूही तिच्याबरोबर गेल्या. मालक कामासाठी बाहेर जिल्ह्यात. घरात राहिलो तात्या आणि मी. आणि मध्ये म्हैस नाही.

पहिले दोन दिवस तात्यांनी रिकाम्या खुंट्याकडे बघून "म्हशे" म्हटलं आणि पुढचा शब्द गिळला. रिकाम्या खुंट्याशी बोलणं त्यांनाही बरं दिसेना. मग ते नुसते खाकरायचे. एका खाकरण्याला चहा आणि दोन खाकरण्यांना जेवण एवढं मी ओळखलं. पण एकदा पाणी हवं होतं तेव्हा तीनदा खाकरले आणि मी घाबरून हळदीचं दूध करून दिलं. तेही मुकाट्यानं प्यायले.

अशात माझी मुरणी हरवली. मी रोज काकूंचा डबा घेऊन छावणीत जायची आणि तिथं उसाची वाढी, म्हणजे शेंड्याचा पाला, काकूंना तोडून द्यायची. त्यातच कुठं तरी ती नाकातून पडली. लहानशी सोन्याची मुरणी, लग्नात आईनं घातलेली. मी कोणाला बोलले नाही. नाकाचं छिद्र बुजू नये म्हणून त्यात लिंबाची काडी घातली आणि पदर जास्तच पुढं ओढला. माझ्याकडे कधी मान वर करून न बघणाऱ्या तात्यांनी ती काडी कशी पाहिली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी चहा ठेवायला गेले तर ते सवयीनं म्हणाले, "म्हशे..." मग खुंट्याकडे बघितलं. खाकरले. आणि वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"सूनबाई, मुरनी कुटं पडली?"

मी छावणीच्या दिशेनं बोट केलं. तात्यांनी कोपऱ्यातली धान्य चाळायची चाळण उचलली आणि चालायला लागले.

दोन दिवस ते छावणीत चाळण घेऊन बसले होते. वाढी झटकली, गव्हाणीतली माती चाळली, शेणाचा पो अन् पो काठीनं फोडून बघितला. हात थरथरत होता, त्यामुळे चाळण आपोआप हलत होती. बघणाऱ्यांची करमणूक झाली. कोणी विचारलं, "तात्या, काय हुडकायलाव? घड्याळ घ्यायच्या आदीच हारवलं का?" काकूंची म्हैस मान वळवून वळवून बघत होती. दुसऱ्या दिवशी तर सगळी छावणीच शोधायला लागली. इतके दिवस तात्यांची एक फुटकळ वस्तूही हरवू न देणारं गाव, पण माझी मुरणी काही सापडली नाही.

संध्याकाळी तात्या घरी आले. मी ताट वाढलं. ते पुढ्यात घेऊन बसले, भाकरीला हात लावला आणि काढून घेतला. कालही असंच केलं होतं. मी दाराआड उभी होते. ते रिकाम्या गोठ्याकडे तोंड करून म्हणाले, "दुसऱ्याचं हारवलं तरी घास उतरंना. मंग माजं हारवल्यावर काय व्हईल? मी या परीक्षेत पास व्हायचा न्हाई. जाऊ द्या. आपल्याला घड्याळ परवडत न्हाई."

ते कोणाशी बोलले कोण जाणे. म्हैस नव्हती. मी बांगड्या दोनदा वाजवल्या, नाही म्हणून. त्यांना ते ऐकू गेलं नाही की कळलं नाही. मग मी दाराआडूनच बोलले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"तात्या, आमच्या आईला ती परवडत नव्हतीच."

तात्यांची मान जराशी वळली. आता थांबून चालणार नव्हतं.

"त्या साली बी दुष्काळच व्हता. परवडायची वाट बघितली आसती तर मी या घरात बिनमुरनीची आले आसते. हारवली. मला रडू बी आलं. पन वीस वर्सं नाकात व्हती की."

एवढं बोलून मी चुलीपाशी येऊन बसले. मग ओसरीवरून भाकरी मोडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं तात्या म्हणाले, "सूनबाई, आजून एक भाकर आसंल तर बघ बरं."

छावणी उठली, म्हैस आणि काकू घरी आल्या. त्या वर्षी महालक्ष्म्यांना ट्रंक उघडली तेव्हा तात्या नेहमीच्या जागी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काय, यंदा?" काकूंनी तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या हातातल्या बांगड्या एकदा वाजल्या. काकूंनी माझ्याकडे बघितलं, तात्यांकडे बघितलं, आणि पैसे काढून त्या नोटांना हळदीकुंकू लावलं.

मालक त्यांना शहरात घेऊन गेले. दुकानातली गोष्ट मालकांनी मला किती वेळा सांगितली असेल, दरवेळी ती तितकीच ऐकावीशी वाटते. तात्यांनी दुकानदाराला विचारलं, "हारवलं तर?" दुकानदार म्हणाला, "काका, बिघडायची गॅरंटी आहे. हरवायची गॅरंटी कोणी देत नाही." तात्या म्हणाले, "आमचं गाव देतंय." येताना काकूंच्या सांगण्यावरून माझ्यासाठी मुरणीही आणली. ती आईच्या मुरणीसारखी नव्हती, आणि तशी आहे असं कोणी म्हटलंही नाही.

गावानं गॅरंटी पाळली. आठवड्याच्या आत तात्या अंघोळीच्या वेळी घड्याळ आडावर विसरून आले, सरावानं नव्हे, खरंच विसरून. अर्ध्या वाटेत त्यांना आठवलं, तसेच माघारी वळले, आडावर घड्याळ नाही. घामाघूम होऊन घरी पोचले तर पाणी भरायला आलेल्या एका बाईनं ते केव्हाच आणून दिलं होतं. काकू म्हणाल्या, "या. तुमच्या आदी येऊन बसलंय." तात्यांनी ते मनगटावर बांधलं, खाली बसले आणि खूप वेळ हसले. "सूनबाई," ते म्हणाले, "हे खरंच हारवलं तर मी जेवायचा न्हाई बरं का. पार नापास." इतकं आनंदानं नापास झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

तीन वर्षं ते घड्याळ त्यांच्या हातात होतं. एक दिवस बंद पडलं नाही. चालणं गेलं, मग उठणं गेलं, बोलणंही तुटक झालं, पण हात चालूच होता आणि घड्याळही. दुपारी काकू खाटेशी बसून त्यांचा हात आपल्या मांडीवर घ्यायच्या आणि कानाजवळ नेऊन ऐकायच्या. म्हणायच्या, "मी म्हनले व्हते बंद ऱ्हाईल म्हनून. माझीच जीभ खोटी पडली."

आता दोघंही नाहीत. गावात कोणाला काही सापडलं की अजून आमच्या ओसरीवरच आणून ठेवतात. परवा एकाच पायाची चप्पल आली. ज्याची त्यानं येऊन न्यायची असते, आम्ही विचारत नाही. घड्याळ मालकांनी बांधलं नाही, हात होत नाही म्हणाले. ते चुलीच्या वरच्या कोनाड्यात असतं. तसंच ठेवलं तर दुसऱ्या दिवशी थांबतं, म्हणून सकाळी चहा ठेवताना मी ते हातात घेऊन थोडा वेळ हलवते. मग धारेला बसते. गोठ्यात त्या म्हशीची नात आहे, आजीसारखीच शहाणी. आजूबाजूला कोणी नसलं की मी हळूच तिला म्हणते, "म्हशे, सांग बरं त्यांना, घड्याळ चालू हाय."